दुपारी आई कुठे जाते

आमच्या घराला चार भिंती आहेत, पण त्यातली एकच आमची म्हणता येईल. उजवीकडची भिंत शेजारच्या काकूंबरोबर सामाईक आहे. तिच्यातून त्यांचा टीव्ही ऐकू येतो. डावीकडे शिवणकाम करणारं कुटुंब राहतं. मशीन चालू असताना त्या भिंतीला हात लावला की ती थरथरते. मागच्या भिंतीपलीकडे दुसऱ्या गल्लीतल्या कुणाचं तरी न्हाणीघर आहे. त्या घरातली माणसं मी कधी पाहिलेली नाहीत, पण कोण आंघोळीला किती वेळ लावतं आणि कोण पहिला तांब्या अंगावर घेताना देवाचं नाव घेतं, हे मला माहीत आहे. राहिली पुढची भिंत. ती आमची. तिला एक दार आहे, वर एक खिडकी आहे, आणि गेल्या वर्षापासून तिच्यासमोरच्या विजेच्या खांबावर एक कॅमेरा आहे.

नगरच्या जुन्या भागात, कापड बाजारापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर, आमची गल्ली आहे. शहराचं नाव बदललं, मोठ्या रस्त्यांवरच्या पाट्या बदलल्या, गल्लीत मात्र बदलण्यासारखी पाटीच नाही. दोन मोटरसायकली समोरासमोर आल्या तर एकीला कुणाच्या तरी ओट्याला टेकून उभं राहावं लागतं. समोरच्या घरातून आमच्या खिडकीत वाटी देता येते, आणि देतातही. याला लोक माणुसकी म्हणतात. मोकळ्या कॉलनीत, बंगल्यात राहायला गेलेले आमचे नातेवाईक दिवाळीला आले की हमखास म्हणतात की खरी मजा तुमच्याकडेच, आमच्याकडे तर शेजारी मेला तरी कळत नाही. मग चहा पिऊन आपल्या बंगल्यात परत जातात. मला त्यांचा फार राग येतो. आमच्याकडे शेजारी जिवंत असतानाचं सगळं कळतं, त्याचं काय करायचं ते कुणी सांगत नाही.

मी लहानपणापासून कमी बोलते. त्यात मला इंग्रजी शाळेत घातलं. टाय लावून रिक्षात बसणारी गल्लीतली मी एकटीच होते, त्यामुळे माझ्या गप्प राहण्याचा अर्थ लगेच ठरला: पोरगी शिष्ट आहे. मला 'मॅडम' म्हणायला लागले तेव्हा मी तिसरीत होते. आता मी सुप्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात तपासणी विभागात काम करते. सकाळी कंपनीची बस पकडते, संध्याकाळी येते, गुरुवारी सुट्टी असते. पप्पा कापड बाजारात एका दुकानात आहेत. दुपारी जेवायला येतात, लगेच परत जातात. त्यानंतर आई बाहेर पडते.

आई बाहेर पडते हे मला माहीत होतं, पण त्याबद्दल मी कधी विचार केला नव्हता. भांडी आवरून, केस नीट करून, ती निळी नायलॉनची पिशवी घेते, शेजारच्या काकूंना दारातून "भाजी बघून येते" म्हणते आणि जाते. हातात पिशवी नसलेली बाई आमच्या गल्लीतून जाऊ शकत नाही. म्हणजे जाऊ शकते, पण प्रत्येक ओट्यावर तिला थांबून उत्तर द्यावं लागतं. पिशवी असली की प्रश्न थोडे कमी होतात. 

कॅमेरा आला तो एक मोटरसायकल चोरीला गेली म्हणून. गल्लीतल्या मंडळाच्या अध्यक्षांच्या भावाची गाडी, किल्ली तिलाच लटकत होती. अध्यक्षांना सगळे दादा म्हणतात. दादांनी वर्गणी काढली, आणि गल्लीच्या वळणावर, म्हणजे बरोबर आमच्या दारासमोर, कॅमेरा बसला. कुणी आम्हाला विचारलं नाही. खांब महापालिकेचा, वळण गल्लीचं, मग विचारायचं काय. गाडी अजून सापडलेली नाही. कॅमेऱ्याने आतापर्यंत फक्त एका कुत्र्याला चप्पल नेताना पकडलं आहे, आणि ती चित्रफीत मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवडाभर फिरली.

पण खरी चूक पुढे झाली. कॅमेऱ्यातलं चित्र दाखवणारा टीव्ही ठेवायचा कुठे हा प्रश्न आला. मंडळाची खोली एरवी बंद असते, कुणाच्या घरी ठेवला तर बाकीचे रुसतील. शेवटी तो पिठाच्या गिरणीत ठेवायचं ठरलं, कारण गिरणी दिवसभर उघडी असते आणि तिथे कायम कुणी ना कुणी असतं. चोरावर लक्ष राहील. गिरणीत बायका बसतात. आमच्या गिरणीत आधी गहू दळतात आणि दुपारी ज्वारी-बाजरी. ज्यांना चुकून उशीर होतो त्या पुढचा गहू येईपर्यंत थांबतात, कारण बाजरीवर दळलेला गहू पोळीला काळपट येतो. गव्हावर गहू पडेपर्यंत बाकावर बसायचं आणि समोर भिंतीवर टीव्ही. तिथे आधी एक जुनं कॅलेंडर होतं. आता तिथे आमचं दार आहे.

हे मला कळायला बरेच महिने लागले, कारण दळण आईच नेत असे, आणि तीही सकाळी डबा दाराशी ठेवून येई, आत बसत नसे. एका गुरुवारी तिची पाठ धरली होती म्हणून डबा मी नेला. गहू बाजरीनंतर अडकला. बाकावर चार-पाच जणी होत्या, मला जागा करून दिली. मामा, म्हणजे गिरणीवाले, पट्ट्याच्या आवाजात काही ऐकू येत नाही म्हणून ओरडून बोलतात, आणि त्या सवयीने गिरणीत सगळेच ओरडून बोलतात. मी मोबाईल बघत बसले.

थोड्या वेळाने समोरच्या घरातली वहिनी म्हणाली, "निघाली बघा."

"आज पाठ दुखती म्हनत हुती ना?" दुसरी म्हणाली.

"पाठ दुखती, पाय न्हाई दुखत."

सगळ्या हसल्या. मी वर बघितलं. पडद्यावर राखाडी रंगाचं आमचं दार होतं, आमच्या चपला होत्या, माझी आई कडी लावत होती. आवाज नव्हता. तिने कडी लावली, एकदा दोन्ही बाजूंना बघितलं, पदर सारखा केला आणि पिशवी हातात धरून चालायला लागली. मी तिला इतकी वर्षं रोज बघते, पण असं कधीच बघितलं नव्हतं. कुणी आपल्याला बघत नाही असं वाटत असतानाचा तिचा चेहरा होता तो. तो मी बघायला नको होता. त्या बाकावरच्या कुणीच बघायला नको होता.

मग कुणीतरी कोपराने कुणाला तरी डिवचलं आणि सगळ्यांच्या लक्षात आलं की मी बसले आहे. विषय लगेच बदलला. पण वहिनीला राहवलं नाही. माझ्याकडे वाकून, गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, आईला विचारा की, भाजी कुठं मिळती इतकी हलकी? पिशवी जाताना जशी, येताना तशीच."

मला वेळेवर काही सुचत नाही. गहू दळून झाला, डबा गरम होता, तो पोटाशी धरून मी घरी आले. वाटेत कॅमेऱ्याखालून जाताना मी मान खाली घातली आणि लगेच स्वतःचाच संताप आला, कारण मान खाली घातलेलीही त्यांना दिसली असणार.

हळूहळू सगळं समजलं. बायकांनी आईच्या जाण्यायेण्याची मालिका केली होती. कोणत्या वाराला कोणती साडी, किती वेळाने परत, पिशवीत काय. कधीतरी कोथिंबिरीची जुडी असे. त्या दिवशी म्हणे चर्चा वाढायची, की चला, आज लाज वाटलेली दिसते. वेगवेगळे तर्क होते. कुणी म्हणे ती कुणा बुवा-बाबाकडे जाते, कुणी म्हणे माहेरच्या कुणाला चोरून भेटते. कुणी त्याहून वाईट बोलत असणार, ते माझ्यापर्यंत येऊ दिलं नाही एवढंच. यातली एकही बाई वाईट नाही. वहिनीने माझ्या टायफॉइडमध्ये महिनाभर पेज पाठवली होती. मला हेच सहन होत नाही. वाईट असत्या तर मी दार लावून मोकळी झाले असते.

आईलाही एव्हाना कळलं. कसं ते मी विचारलं नाही. एका आठवड्यात ती बाहेर पडायची थांबली. पप्पांनीच तिला सांगितलं होतं, हे मला नंतर समजलं. त्यांच्या दुकानात गल्लीतलाच एक माणूस कामाला आहे, त्याने गमतीत काहीतरी विचारलं होतं. पप्पा भांडणारे नाहीत. त्यांनी घरी येऊन, ताटावरून मान वर न करता, म्हटलं की थोडे दिवस दुपारचं जाऊ नकोस. कुठे जातेस हे त्यांनी विचारलंच नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. न विचारता थांबवलं, म्हणजे तेही गिरणीतल्या बाकावरच बसले होते.

आई घरात राहायला लागली. तिने मसाल्याचे डबे धुतले, कपाट लावलं, परत कपाट लावलं. तिचं डोकं दुखायला लागलं. संध्याकाळी मी आले की ती माझ्यावर चिडायची, चप्पल वाकडी काढली म्हणून, फोनवर हळू बोलते म्हणून. एकदा शिवणाच्या मशीनचा आवाज चालू असताना तिने त्या भिंतीवर पोळपाट आपटला. मशीन थांबलं. मग दोन्हीकडे अगदी शांत झालं, आणि आई रडायला लागली, तेही तोंडात पदर धरून, कारण शांततेत रडणं पलीकडे गेलं असतं. आमच्या घरात मोठ्याने रडायचं असेल तर मशीन चालू असावं लागतं.

त्या रात्री मी ठरवलं की मी बोलायचं. 

मी वाक्यं तयार केली. मला अवघड गोष्ट आधी इंग्रजीत सुचते आणि मग ती मराठीत आणताना तिच्यातला रुबाब निघून जातो. कंपनीच्या बसमध्ये मी मनातल्या मनात ती वाक्यं म्हणत असे. माझा मुद्दा पक्का होता, असं मला वाटत होतं. आमच्याकडे एक दिवसाआड नळाला पाणी येतं. पाणी सुटलं अशी हाक आली की घराघरांतून मोटरी बाहेर निघतात, त्या थेट नळाला जोडतात, आणि ज्याची मोटर मोठी त्याच्या टाकीत सगळ्या गल्लीचं पाणी जातं. हे बेकायदेशीर आहे. आमच्याकडे मोटर नाही, कारण पप्पांना भीती वाटते. आमच्या नळाला तेव्हा फक्त हवेचा आवाज येतो. दादांच्या दाराशी सगळ्यात मोठी मोटर असते, आणि ते दार वळणाच्या पलीकडे, पण कॅमेऱ्याच्या कक्षेत आहे. चोर पकडायला लावलेल्या कॅमेऱ्यात एक दिवसाआड सगळी गल्ली चोरी करताना दिसते. मला वाटलं, एवढं बोललं की सगळे गप्प होतील.

पुढच्या गुरुवारी दळण घेऊन गेले. दादा तिथेच होते, बाजरीचं पीठ न्यायला आले होते. बाकावर नेहमीच्या बायका होत्या. मी डबा खाली ठेवला आणि मामांना म्हटलं की हा कॅमेरा आमच्या दारावरून हलवा. पट्ट्याचा आवाज होता. मला ते वाक्य परत, ओरडून म्हणावं लागलं. मी आयुष्यात पहिल्यांदा गल्लीत ओरडून काही बोलले असेन.

मामांनी दादांकडे बघितलं. दादांनी हसून पिशवी हातातून खाली ठेवली. "ताई, कॅमेरा तुमच्याच सुरक्षेसाठी हाय. आपलं काही चुकत नसंल तर भ्यायचं कशाला?"

मग मी मोटरींचं बोलले. मी सगळं बोलले. परवा पाणी आलं तेव्हा कुणाकुणाच्या दाराशी मोटर होती ते यात दिसतं, तेही सगळ्यांनी बसून बघा, असं म्हटलं. मामांनी गिरणी बंद केली. पट्टा फटफटत थांबला.

आणि मग सगळे हसले. रागाने नाही, खरंच हसले. लहान मुलाने काहीतरी मोठ्यांसारखं बोलावं आणि हसू यावं, तसे. दादासुद्धा. वहिनी म्हणाली, "अगं, मोटर तर सगळेच लावत्यात. त्यात बघायचं काय?"

तिचं बरोबर होतं. त्या हसण्याने मला जे शिकवलं ते शाळेने शिकवलं नव्हतं. आमच्याकडे सगळ्यांनी मिळून केलेली गोष्ट चूक नसते. तिला लपवावंच लागत नाही, म्हणून ती दिसत नाही. चूक ती, जी एका माणसाने एकट्याने केली. ती कितीही साधी असो, ती सगळ्यांना दिसते.

दादा मला समजावण्याच्या सुरात म्हणाले की आम्हाला कुणाच्या घरातलं काही पडलेलं नाही, पण गल्लीत बाया-माणसं आहेत, काळजी वाटते. आणि वहिनीने ते विचारून टाकलं, जे सगळ्यांना विचारायचं होतं: "एकदा सांगून टाक ना, आई कुठं जाती. आमी बघायचं सोडून देऊ."

मी म्हटलं, "मला माहीत नाही. आणि मला माहीत असायची काही गरजही नाही."

हे वाक्य मी बसमध्ये तयार केलेलं नव्हतं. ते खरं होतं, आणि अजूनही मला ते योग्यच वाटतं. पण गिरणीत त्याचा पहिलाच भाग ऐकू गेला. माझा डबा दळून होईपर्यंत बातमी माझ्याआधी घरी पोचली होती: लेकीलासुद्धा माहीत नाही.

आई दारातच उभी होती. काकूंनी भिंतीपलीकडून नाही, सरळ दारात येऊन तिला सांगितलं होतं, काळजीने. आईने माझ्या हातातून डबा घेतला, दार लावलं आणि खालच्या आवाजात म्हणाली, "तुला कुणी सांगितलं हुतं मधी पडायला?" ती फार चिडली की तिचं माहेरचं, राहुरीजवळच्या देवळालीचं बोलणं वर येतं, एरवी ती पप्पांसारखं बोलते. ती म्हणाली, की आतापर्यंत ते नुसतं बोलत होते, आता त्यांना खात्री झाली. मी बोलले नसते तर चार महिन्यांत विसरले असते. मला वाटत नाही ते विसरले असते, पण मी तेव्हा तसं म्हटलं नाही.

पप्पा जेवायच्या वेळेच्या बरेच आधी आले. दुकानातून आले होते, गळ्यात मोजायची टेप तशीच होती. ते बसले नाहीत. त्यांनी पहिल्यांदाच विचारलं.

"कुठं जातेस?"

"स्टँडवर बसते."

"कुणाबरोबर?"

"कुणाबरोबर न्हाई. म्हणून तर जाते."

पप्पांना ते कळलं नाही. ते वाईट वाटून घ्यायच्या तयारीने आले होते, आणि वाईट वाटून घेण्यासारखं हातात काही आलं नाही, त्यामुळे ते गोंधळले. बसायचंच असेल तर घरात बसता येत नाही का, असं त्यांनी अगदी मनापासून विचारलं. आई उत्तर देणार होती, पण तेवढ्यात आमच्या तिघांच्याही एक गोष्ट लक्षात आली. काकूंच्या टीव्हीचा आवाज कमी झाला होता. मालिका चालू होती, नुकतंच कुणीतरी रडत होतं, आणि ते रडणं एकदम बारीक झालं.

आई उठली. उजव्या भिंतीजवळ गेली. तिने आवाज चढवला नाही, फक्त ओट्यावरून हाक मारताना बोलतात तसं स्वच्छ बोलली.

"स्टँडवर बसते म्हटलं. राहुरी-कोपरगावच्या गाड्या लागतात तिथं बाकड्यावर. तासभर बसते आणि येते. ऐकू आलं का?"

मग टीव्हीचा आवाज हळूहळू परत वाढला. पप्पा खुर्चीत बसले. मला हसू आवरेना आणि मी स्वयंपाकघरात गेले, आणि तिथे मला कळलं की मी हसत नाहीये.

नंतर तिने मला थोडं सांगितलं. स्टँडवर पिशवी घेऊन बसलेल्या बाईला कुणी विचारत नाही, की बाई, तुम्ही का बसला आहात. तिथे सगळेच कशाची तरी वाट बघत असतात. गर्दी गल्लीपेक्षा जास्त असते, पण त्या गर्दीला तुमची ओळख नसते, आणि गाडी आली की ती गर्दी निघून जाते, दुसरी येते. ती बाजू तिने निवडली ती यासाठी, की माहेरचं कुणी भेटलंच तर भावाला सोडायला आले होते असं सांगता येतं. इतका विचार तिने केला होता. इतका विचार एका बाईला, दिवसातून एकदा नुसतं बसता यावं म्हणून करावा लागतो, हे मला कुणी कारखान्यात सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता.

गल्लीनेही ठेवला नाही. इतकी साधी गोष्ट कुणाला पटेना. दोनेक दिवसांनी आई परत जायला लागली, पप्पांनी अडवलं नाही, आणि समोरची वहिनी तिच्यामागे, आपणही पिशवी घेऊन, स्टँडवर गेली. लांबच्या बाकावर बसून तिने बघितलं. आईने तिला पाहिलं होतं. आई म्हणते, मी तिच्याकडे बघून मान हलवली, तिनेही हलवली. परत येऊन वहिनीने गिरणीत सांगितलं की खरंच बसते. कुणी येत नाही, जात नाही, फोन नाही, काही नाही. नुसती बसते.

आता तरी संपायला हवं होतं. उलट ज्यांना आतापर्यंत मजा वाटत होती त्यांना काळजी वाटायला लागली. एखाद्या बाईचं बाहेर काही असतं तर ते त्यांना समजलं असतं. काहीच नसताना ती घर सोडून एकटी बसते म्हणजे तिच्या डोक्यात काहीतरी आहे. काकूंनी एका डॉक्टरचं नाव सुचवलं. शिवणकामवाल्या आजोबांनी पप्पांना बाजूला घेऊन एका देवस्थानाबद्दल सांगितलं, तिथे अशा बायकांना गुण येतो म्हणे. पप्पांनी मला हळूच विचारलं की डॉक्टरकडे न्यायला काय हरकत आहे. पप्पा माझ्या आईबरोबर सत्तावीस वर्षं राहिले आहेत. मी त्यांना म्हटलं, तुम्ही दुकानातून येताना रोज मारुतीच्या पारावर अर्धा तास बसता, तुम्हाला कधी कुणी डॉक्टरकडे नेलं का. ते म्हणाले, तिथे आम्ही सगळे असतो.

डॉक्टरकडे कुणी गेलं नाही. आईने ते एका वाक्यात संपवलं. पप्पांसाठी ताट वाढताना ती म्हणाली, की डॉक्टरने विचारलं काय त्रास होतो, तर मी तुम्हा सगळ्यांची नावं सांगेन, मग बघा. पप्पांनी परत विषय काढला नाही. 

कॅमेरा तिथेच आहे. मी मंडळाला अर्ज करावा असं एका मैत्रिणीने सुचवलं; मंडळ म्हणजे दादा, त्यामुळे मी केला नाही. वरच्या खिडकीला मी जाड पडदा लावला आहे आणि मे महिन्यात त्या खोलीत श्वास कोंडतो, तरी तो मी काढत नाही. गिरणीत दळण आता मीच नेते. बायका मला जागा करून देतात, पूर्वीपेक्षा थोडी जास्त. मी आल्यावर आमच्या दाराबद्दल कुणी बोलत नाही. मी पाठ करून बसत नाही. पडद्याकडे तोंड करून बसते आणि त्यांच्या घरांकडेही बघते, वहिनी ओट्यावर केस विंचरते तेही, दादांची आई दार उघडं ठेवून डुलकी काढते तेही. मग मला लाज वाटते आणि मी मोबाईल काढते. एवढ्या जवळ राहिलं की बघणं थांबवता येत नाही, हे मलाही कळतं. पण बघणं आणि हिशोब मागणं यांत फरक असतो, आणि तो करायला जागा मोठी लागत नाही.

आई रोज जाते. काकूंना आता भाजीचं कारण सांगत नाही, "जाऊन येते" म्हणते, आणि काकू "या" म्हणतात. डोकं दुखणं थांबलं आहे. हे लिहायच्या आधी मी तिला विचारलं, तुझ्याबद्दल लिहू का. तिने बराच वेळ भाजी निवडली. मग म्हणाली, लिही, माझी काही हरकत नाही, तसंही ती बाकडी आता सगळ्यांना माहीत झाली म्हणून मी तिथं बसायचं सोडलं.

आता कुठे बसतेस, हे मी तिला विचारलेलं नाही.